‘कॅन’च्या पुढे काय येतं?

म्हैसूरच्या हेब्बाळ भागात इन्फोसिसचं प्रशिक्षण केंद्र आहे. देशभरातून नव्या इंजिनिअरांच्या तुकड्या तिथे येत असतात आणि त्यांत पुणे, सांगली, लातूर, अमरावतीकडची मुलं-मुली असतातच. कुणी मानसगंगोत्रीत म्हैसूर विद्यापीठात शिकायला येतं. भारतीय भाषा संस्थानाच्या इथल्या केंद्रात दहा महिन्यांचा वर्ग असतो. तिथे कन्नड, तमिळ, तेलुगू किंवा मल्याळम शिकायला शाळांतले शिक्षक येतात. या सगळ्यांची पहिली अडचण सारखीच असते. कन्नड येत नाही, हिंदी सगळीकडे चालत नाही, म्हणजे इंग्रजीवाचून गत्यंतर नाही.

मी इथे अशा मुलांच्या इंग्रजीच्या शिकवण्या घेते. त्यांचं इंग्रजी कच्चं असतं असं मुळीच नाही. महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. बारावीच्या पेपरात ‘हे वाक्य मोडल वापरून पुन्हा लिहा’ हा प्रश्न या मुलांनी डोळे झाकून सोडवलेला असतो. ‘मस्ट’ म्हणजे सक्ती, ‘मे’ म्हणजे शक्यता किंवा परवानगी, ‘कॅन’ म्हणजे क्षमता हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. गाडी अडते ती पुढे. ‘कॅन’, ‘मस्ट’, ‘विल’ असं एखादं मोडल म्हणून झालं की त्यानंतर नाम कुठे बसवायचं, प्रिपोझिशन कोणतं लावायचं, की लावायचंच नाही, इथे भलेभले चाचपडतात. या लेखात एवढाच भाग घेतला आहे. मोडलचे अर्थ कोणत्याही व्याकरणाच्या पुस्तकात मिळतील.

मूळ नियम एका वाक्यात मावतो. मोडलनंतर क्रियापद, तेही पहिल्या रूपात. नाम आणि प्रिपोझिशन त्या क्रियापदाच्या मागून. ‘शी कॅन स्पीक कन्नड’, ‘ही मस्ट गो टू द बँक’, ‘दे विल वेट फॉर यू’. ‘शी कॅन कन्नड’ नाही, ‘ही मस्ट टू द बँक’ नाही, ‘शी कॅन स्पीक्स’ही नाही. नियम सोपा आहे आणि सगळ्यांना पाठ आहे. तरी तो मोडतो, कारण आपण मनात मराठी वाक्य जुळवतो आणि त्यात ते क्रियापद स्वतंत्र दिसतच नाही.

‘मला कन्नड येतं’ हे वाक्य पाहा. यात ‘बोलणं’ कुठे आहे? ‘मला चहा हवा’ यात ‘घेणं’ नाही. ‘मला सोलापूरला जायचंय’ यात ‘जायचं’ आहे, पण गप्पांत आपण तेही गिळतो: ‘उद्या कुठे?’ ‘सोलापूरला.’ गंमत अशी की म्हैसूरचा माणूसही असाच बोलतो. ‘ननगे कन्नड बरुत्ते’ म्हणजे शब्दाला शब्द लावून ‘मला कन्नड येतं’, आणि ‘ननगे कॉफी बेकु’ म्हणजे ‘मला कॉफी हवी’. त्यामुळे मराठी मुलगा ‘आय कॅन कन्नड लिटल बिट’ म्हणाला तर समोरच्या कन्नड माणसाला त्यात काही खटकत नाही. दोघांनी मिळून चूक पक्की केलेली असते. ती खटकते ती परदेशी क्लायंटला किंवा मुलाखत घेणाऱ्याला.

असेल, शकेन, लागेल

माझ्या अनुभवात सर्वांत जास्त घोटाळा ‘असेल’ या एका शब्दामुळे होतो. ‘तो आता ऑफिसात असेल’ याचं इंग्रजी ‘ही विल इन ऑफिस नाऊ’ असं ऐकू येतं. बोलणाऱ्याच्या मनात ‘असेल’ची जागा ‘विल’नं घेतली, हिशेब पुरा झाला. प्रत्यक्षात ‘असेल’मध्ये दोन गोष्टी आहेत, ‘असणं’ आणि ‘भविष्य किंवा अंदाज’. इंग्रजीत त्या दोन वेगळ्या शब्दांत सांगाव्या लागतात: ‘ही विल बी इन द ऑफिस’, किंवा अंदाज पक्का असेल तर ‘ही मस्ट बी इन द ऑफिस’, नुसती शंका असेल तर ‘ही मे बी इन द ऑफिस’. हे ‘बी’ म्हणजे ‘असणं’. मोडलनंतर थेट ‘इन’, ‘ॲट’, ‘ऑन’ असं काही तोंडात येऊ लागलं की थांबा आणि आधी ‘बी’ बसतं का ते पाहा. ‘आय विल बी ऑन लीव्ह’, ‘द कीज मस्ट बी ऑन द टेबल’, ‘शी मे बी ॲट लंच’, ‘यू शुड बी ॲट द गेट बाय एट’. दहातल्या आठ वेळा तेच हरवलेलं असतं. उरलेल्या वेळी ‘गो’ हरवलेलं असतं, कारण मराठीत ‘मला ऑफिसला’ एवढं म्हटलं तरी जाणं आलंच.

‘शकेन’ची गोष्ट तशीच. ‘मी उद्या येऊ शकेन’ यात क्षमता आणि भविष्य एकाच शब्दात आहेत, म्हणून ‘आय विल कॅन कम’ असं निघतं. इंग्रजीत दोन मोडल एकापुढे एक बसत नाहीत. तिथे ‘कॅन’ बाजूला सरतो आणि ‘बी एबल टू’ येतं: ‘आय विल बी एबल टू कम’. ‘लागेल’चंही तसंच. ‘मला थांबावं लागेल’ म्हणजे ‘आय विल हॅव टू वेट’. ‘विल मस्ट’ नाही. आपल्याकडच्या ऑफिसांत ‘आय कुड नॉट एबल टू’ हा एक खास प्रकार बोकाळला आहे. त्यात ‘कुड नॉट’ आणि ‘नॉट बी एबल टू’ या दोन वेगळ्या रचना एकमेकांत घुसल्या आहेत. एक निवडा. ‘आय कुड नॉट अटेंड’ किंवा ‘आय वॉज नॉट एबल टू अटेंड’.

इथे एक बारकावा आहे, तो मुलाखतीत उपयोगी पडतो. काल एकदाच काही साधलं असेल, समजा तत्काळचं तिकीट मिळालं, तर ‘आय वॉज एबल टू गेट अ तिकीट’ म्हणायचं. ‘आय कुड गेट अ तिकीट’ म्हटलं की ऐकणाऱ्याला ‘मिळू शकेल’ असं वाटतं. नकारात मात्र ‘कुड नॉट’ बिनधास्त चालतं.

कर्त्याचं काय, तेही पाहू. मराठीत सक्ती, इच्छा, क्षमता यांचा भार बऱ्याचदा कर्त्यावर पडतो आणि तो रूप बदलतो: मला जायला हवं, तिनं यावं, त्याला पोहता येतं. इंग्रजीत कर्ता जसा आहे तसा राहतो, सगळा भार मोडल उचलतं. ‘आय मस्ट गो’, ‘शी शुड कम’, ‘ही कॅन स्विम’. म्हणून ‘फॉर मी इट इज मस्ट टू गो’ किंवा ‘फ्रॉम माय साइड इट विल नॉट पॉसिबल’ ही वाक्यं ऐकली की त्यामागचं ‘मला’ आणि ‘माझ्याकडून’ लगेच ओळखू येतं. ‘माझ्याकडून होणार नाही’ याला इंग्रजीत ‘आय वोंट बी एबल टू डू इट’ पुरे. ‘साइड’ आणायचं कारण नाही.

नियमाला दिसणारे अपवाद

चाणाक्ष वाचक म्हणेल, ‘विल द ऑफिस बी ओपन ऑन सॅटर्डे?’ यात ‘विल’नंतर लगेच ‘ऑफिस’ हे नाम आलं की! आलं, पण ते कर्ता म्हणून. प्रश्न विचारताना मोडल उडी मारून कर्त्याच्या आधी जातं. क्रियापद आपल्या जागी, कर्त्याच्या मागे, उभंच असतं. ते ‘बी’ प्रश्नात जास्त हरवतं, कारण मध्ये नाम आल्यानं आपलं लक्ष उडतं. लांब कर्ता असला की हमखास: ‘विल द न्यू ट्रेनीज फ्रॉम पुणे बी इन दिस बॅच?’ असं वाक्य म्हणताना ‘बी’पर्यंत पोचता पोचता दम लागतो.

दुसरा अपवाद उत्तरांतला. ‘कॅन यू कॉल हिम?’ ‘आय विल, इन अ मिनिट.’ इथे ‘विल’नंतर थेट ‘इन’ आलं, कारण ‘कॉल हिम’ आधीच बोलून झालं आहे आणि ते सगळ्यांना ठाऊक आहे. स्वतःच्या पहिल्याच वाक्यात मात्र ही सूट नाही.

आणि तिसरा, थोडा मजेचा. हेच शब्द कधीकधी नाम म्हणूनही भेटतात. ‘विल’ म्हणजे मृत्युपत्र, ‘कॅन’ म्हणजे डबा, ‘मे’ म्हणजे महिना. ‘मस्ट’ही नाम होतं आणि मग त्याला ‘अ’ लागतं आणि पुढे ‘फॉर’: ‘अ हेल्मेट इज अ मस्ट फॉर टू-व्हीलर रायडर्स.’ दुकानांच्या पाट्यांवर ‘हेल्मेट इज मस्ट’ असं लिहिलेलं दिसतं, त्यात हे ‘अ’ गेलेलं असतं. पाटीवर चालून जातं, कंपनीच्या मेलमध्ये नको.

रजेचा एक मेल

आता एक नमुना घेऊ. माझ्याकडे मुलं तपासायला आणतात त्या अनेक मेलांचा हा अर्क आहे, कुणा एकाचा नाही:

‘आय कुड नॉट एबल टू अटेंड टू द सेशन ऑन टुमॉरो. आय मस्ट टू सोलापूर फॉर माय सिस्टर मॅरेज. आय वुड रिटर्न बॅक टिल मंडे. आय रिक्वेस्ट फॉर लीव्ह.’

चार वाक्यं. साहेबाला अर्थ कळेल, रजाही मिळेल. पण चारही वाक्यांत मोडल, नाम किंवा प्रिपोझिशन यांपैकी काहीतरी घसरलं आहे.

पहिलं वाक्य: उद्याची गोष्ट आहे, म्हणजे ‘कुड नॉट’ नव्हे, ‘विल नॉट बी एबल टू’. ‘अटेंड टू’ म्हणजे एखाद्या कामाकडे किंवा माणसाकडे लक्ष देणं, त्याची काळजी घेणं. सत्राला हजर राहायचं असेल तर ‘अटेंड द सेशन’, मध्ये ‘टू’ नको. ‘टुमॉरो’च्या आधी ‘ऑन’ लागत नाही. ‘ऑन मंडे’ बरोबर, ‘ऑन टुमॉरो’ चूक. तसंच ‘नेक्स्ट मंडे’, ‘लास्ट फ्रायडे’, ‘दिस वीक’, ‘एव्हरी संडे’ यांच्या आधीही काही नको.

दुसरं: ‘मस्ट’नंतर ‘गो’ हवं. शिवाय ‘मस्ट’पेक्षा इथे ‘हॅव टू’ जास्त शोभतं. ‘मस्ट’मध्ये बोलणाऱ्याचा स्वतःचा आग्रह असतो, ‘हॅव टू’मध्ये परिस्थितीची गरज. बहिणीच्या लग्नाला जाणं ही गरजच, नाही का! ‘सिस्टर मॅरेज’च्या जागी ‘माय सिस्टर्स वेडिंग’, कारण ‘मॅरेज’ म्हणजे वैवाहिक नातं किंवा संसार, आणि समारंभ म्हणजे ‘वेडिंग’.

तिसरं: स्वतःचा ठरलेला बेत सांगताना ‘वुड’ नको, ‘विल’ हवं. ‘वुड’ जास्त नम्र वाटतं म्हणून आपल्याकडे भविष्यासाठी सरसकट वापरतात. पण ‘आय वुड बी ऑन लीव्ह टुमॉरो’ ऐकणारा ‘बट...’ची वाट पाहत बसतो. ‘रिटर्न’मध्येच परत आलं, ‘बॅक’ जास्तीचं. आणि ‘टिल मंडे’ का चुकलं, ते पुढे.

चौथं: ‘रिक्वेस्ट’ क्रियापद असताना त्याला ‘फॉर’ नको. ‘कुड आय टेक लीव्ह फ्रॉम थर्सडे टू सॅटर्डे?’ असं सरळ विचारलं तर जास्त नेटकं.

मग मेल असा होतो: ‘आय विल नॉट बी एबल टू अटेंड द सेशन टुमॉरो. आय हॅव टू गो टू सोलापूर फॉर माय सिस्टर्स वेडिंग. कुड आय टेक लीव्ह फ्रॉम थर्सडे टू सॅटर्डे? आय विल बी बॅक बाय मंडे.’ अशा मेलांच्या शेवटी येणारं ‘डू द नीडफुल’ मी मुद्दाम घातलेलं नाही. त्याची गरज नाही.

क्रियापद असताना एक, नाम असताना दुसरं

‘रिक्वेस्ट’ची गोष्ट एकट्या त्याची नाही. इंग्रजीत शब्दांचा एक मोठा घोळका असा आहे, की तो क्रियापद म्हणून आला तर प्रिपोझिशन घेत नाही आणि नाम म्हणून आला तर घेतो. मोडलनंतर तो क्रियापदच असतो, म्हणून तिथे प्रिपोझिशन गळतं.

‘वी शुड डिस्कस द बजेट’. पण ‘वी शुड हॅव अ डिस्कशन अबाउट द बजेट’. ‘यू मस्ट आन्सर द ईमेल’. पण ‘यू मस्ट सेंड अन आन्सर टू द ईमेल’. ‘यू कॅन काँटॅक्ट द हेल्पडेस्क’. पण ‘यू शुड बी इन काँटॅक्ट विथ द हेल्पडेस्क’. ‘दे मे डिमांड अ रिफंड’. पण ‘देअर मे बी अ डिमांड फॉर अ रिफंड’. ‘शी विल मॅरी हिम’. पण ‘हर मॅरेज टू हिम’. ‘यू कॅनॉट एंटर द पॅलेस विथ युअर शूज ऑन’. (म्हैसूरच्या राजवाड्यात पादत्राणं बाहेर ठेवावी लागतात.) पण ‘एन्ट्री टू द पॅलेस’. आणि ‘वी विल रीच म्हैसूर बाय सेव्हन’; इथे ‘टू’ नको, कारण ‘पोचणं’ हे ‘रीच’मध्येच आहे. ‘टू’ हवंच असेल तर ‘गेट टू म्हैसूर’ म्हणा.

आपण ‘टू’ का लावतो? मराठीत ‘म्हैसूरला पोचलो’, ‘त्याला फोन केला’, ‘बजेटवर चर्चा केली’, ‘त्याच्याशी लग्न केलं’ असं म्हणतो. नामाला चिकटलेल्या त्या ला, वर, शी यांची जागा आपण इंग्रजीत कुठल्यातरी शब्दानं भरून काढतो. ‘आय विल फोन टू हिम’ हे त्यातलंच. ‘आय विल फोन हिम’ पुरे.

याउलट काही क्रियापदांना प्रिपोझिशन सुटत नाही, मोडल असो वा नसो. ‘लिसन टू’, ‘वेट फॉर’, ‘लुक फॉर’, ‘डिपेंड ऑन’, ‘अप्लाय फॉर’. मराठीत ‘माझी वाट बघ’ म्हणताना वेगळं अव्यय लागत नाही, म्हणून ‘यू शुड वेट मी’ होतं. ‘अप्लाय’चे दोन धागे लक्षात ठेवा: ज्या गोष्टीसाठी अर्ज, तिथे ‘फॉर’, ज्याच्याकडे अर्ज, तिथे ‘टू’. ‘यू कॅन अप्लाय टू द एचआर टीम फॉर लीव्ह.’ ही यादी पाठ करून फारसं काही होत नाही. शब्द वाचनात आला की त्याच्या शेजारच्याला धरूनच वहीत उतरवायचा. ‘डिपेंड’ असं एकटं लिहायचं नाही, ‘डिपेंड ऑन’ लिहायचं.

पर्यंत

मुदतीची भाषा ऑफिसात रोज लागते आणि मराठीचा ‘पर्यंत’ तिथे नेमका घात करतो. ‘सोमवारपर्यंत पाठव’ आणि ‘सोमवारपर्यंत थांब’ या दोन वाक्यांत आपण एकच शब्द वापरतो. पहिल्यात सोमवारच्या आत एकदा काहीतरी घडायचं आहे, दुसऱ्यात सोमवार येईपर्यंत काहीतरी सतत चालू राहायचं आहे. इंग्रजीत पहिल्याला ‘बाय’, दुसऱ्याला ‘टिल’ किंवा ‘अन्टिल’. ‘यू मस्ट सबमिट द रिपोर्ट बाय मंडे’. ‘यू मस्ट वेट टिल मंडे’. वरच्या मेलातल्या मुलाला सोमवारच्या आत परत यायचं आहे, म्हणून ‘बाय’. ‘द रिपोर्ट विल बी रेडी टिल मंडे’ याचा इंग्रजी माणूस असा अर्थ काढेल, की अहवाल सोमवारपर्यंत तयार राहील आणि मग नाही!

मुदत दिवसांत मोजायची असेल तर ‘इन’ आणि ‘विदिन’. ‘आय विल रिप्लाय इन टू डेज’ म्हणजे साधारण दोन दिवसांनी. ‘विदिन टू डेज’ म्हणजे दोन दिवसांच्या आत, उशीर नाही. आपण ‘आफ्टर टू डेज आय विल रिप्लाय’ म्हणतो. आज बोलताना तिथे ‘इन’च हवं. वेळ आणि जागा सांगायची तर क्रम बहुतेक ठरलेला: मोडल, ‘बी’, क्रियापदाचं तिसरं रूप, मग जागा, मग दिवस, मग वेळ. ‘द कॉन्सर्ट विल बी हेल्ड ॲट कलामंदिर ऑन संडे ॲट सिक्स.’ जागेला ‘ॲट’, दिवसाला ‘ऑन’, घड्याळाला ‘ॲट’. महिना किंवा साल आलं की ‘इन’.

शक्यतेची नामं

बारावीत ‘इट इज पॉसिबल दॅट’चं ‘मे’ करायला शिकवलं, ते उलट्या दिशेनंही कामाला येतं. अहवालांत, करारांत, औपचारिक पत्रांत मोडलचा अर्थ नामात भरतात आणि त्या प्रत्येक नामाची पुढच्या शब्दाशी जोडी ठरलेली असते. ‘इट मे रेन’ऐवजी ‘देअर इज अ पॉसिबिलिटी ऑफ रेन’. ‘वी मस्ट ट्रेन देम’ऐवजी ‘देअर इज अ नीड फॉर ट्रेनिंग’, किंवा क्रियापद हवं असेल तर ‘अ नीड टू ट्रेन देम’. ‘शी कॅन लीड’ म्हणजे ‘शी हॅज द ॲबिलिटी टू लीड’. ‘यू मे लीव्ह’ म्हणजे ‘यू हॅव परमिशन टू लीव्ह’. ‘चान्स’ आणि ‘लाइकलीहुड’ला ‘ऑफ’, ‘ऑब्लिगेशन’ला ‘टू’, ‘रिस्पॉन्सिबिलिटी’ला ‘फॉर’.

दोन सावधगिऱ्या. एक, मोडल आणि नाम दोन्ही एकदम वापरून अर्थ दुहेरी करू नका. ‘इट कॅन बी पॉसिबल’, ‘देअर मे बी अ पॉसिबिलिटी’, ‘इट मस्ट बी कंपल्सरी’ यांत तीच गोष्ट दोनदा सांगितली आहे. दुसरी, प्रिपोझिशननंतर मोडल कधीच येत नाही. ‘इन्स्टेड ऑफ’, ‘विदाउट’, ‘इन स्पाइट ऑफ’ यांच्यानंतर नाम किंवा ‘आयएनजी’ रूप. म्हणून ‘विदाउट कॅन स्पीक कन्नड’ नव्हे, ‘विदाउट बीइंग एबल टू स्पीक कन्नड’. ‘कॅन’चं ‘आयएनजी’ रूप होत नाही, म्हणून इथेही ‘एबल’ला बोलवावं लागतं.

‘टू’ची दोन सोंगं आहेत, ती इथेच सांगते. एक ‘टू’ क्रियापदाच्या आधी बसतं: ‘हॅव टू गो’, ‘ऑट टू गो’. दुसरं खरं प्रिपोझिशन असतं आणि त्याच्यापुढे नाम किंवा ‘आयएनजी’. ‘आय युज्ड टू लिव्ह इन सातारा’ म्हणजे पूर्वी राहायचो, आता नाही. ‘आय ॲम युज्ड टू लिव्हिंग अलोन’ म्हणजे एकटं राहायची सवय आहे. ‘आय लुक फॉरवर्ड टू मीटिंग यू’ यातलं ‘टू’ दुसऱ्या जातीचं, म्हणून ‘टू मीट’ नाही. ओळखायची युक्ती: ‘टू’नंतर ‘इट’ घालून पाहा. ‘आय लुक फॉरवर्ड टू इट’ बसतं, म्हणजे प्रिपोझिशन.

सवय कशी मोडायची

आपल्या आजोबांच्या पिढीनं इंग्रजी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर घोकली. ती पद्धत वाक्य मराठीत वाचून इंग्रजीत उतरवायची होती, आणि तिनं अनेकांची इंग्रजी भक्कम केली. पण आजची मुलं तेवढा सराव करत नाहीत, फक्त भाषांतराची सवय उरली आहे. म्हणून ‘मस्ट म्हणजे पाहिजे’ असली जोडी वहीत लिहिणं सोडा आणि तयार वाक्यांकडे वळा.

म्हैसूरमध्ये असाल तर ‘स्टार ऑफ मैसूर’ हे संध्याकाळचं इंग्रजी वर्तमानपत्र स्वस्तात सराव देतं. 1978 पासून निघतं. त्यातल्या कार्यक्रमांच्या, वीज बंद राहण्याच्या, रस्ता वळवल्याच्या छोट्या बातम्या घ्या. प्रत्येक ‘विल’, ‘मे’, ‘मस्ट’, ‘शुड’ पेन्सिलीनं अधोरेखित करा आणि त्याच्या पुढचे तीन शब्द वहीत लिहा. सूचनांची इंग्रजी एकसुरी असते, त्यामुळे आठवड्याभरात साचे कानात बसतात. वाचनाची आवड असेल तर आर. के. नारायण यांचं 1935 सालचं ‘स्वामी अँड फ्रेंड्स’ घ्या. नारायण याच गावात राहिले, महाराजा कॉलेजात शिकले. यादवगिरीतलं त्यांचं घर आता संग्रहालय आहे. त्यांच्या पुस्तकांतले संवाद साधे, छोटे आणि मोडलांनी भरलेले आहेत. शाळकरी मुलं एकमेकांना ‘करशील का’, ‘करायलाच हवं’, ‘कर नाहीतर’ असं कसं म्हणतात ते इंग्रजीत पाहायला याहून सोपी जागा नाही.

बोलण्यासाठी एक सुचवते. सोबतच्या कानडी मित्राशी तह करा. तो तुमच्या इंग्रजीतलं हरवलेलं क्रियापद पकडेल, तुम्ही त्याचं. दोघांची चूक एकाच मुळातून आलेली, म्हणून एरवी खटकत नाही, पण मुद्दाम शोधायची ठरवली की पकडायला सोपी जाते. मोबदल्यात त्याच्याकडून ‘ओळगे होगबहुदा?’ शिकून घ्या. आत जाऊ का, असा त्याचा अर्थ. देवराज मार्केटातल्या मागच्या खोलीतल्या दुकानदाराला तोच प्रश्न इंग्रजीपेक्षा कन्नडमध्ये ऐकायला जास्त आवडतो.

आणि मेल पाठवायच्या आधी एवढं करा: प्रत्येक मोडलवर बोट ठेवा आणि पुढचा शब्द वाचा. तिथे क्रियापद, ‘बी’ किंवा ‘नॉट’ दिसलं, नाहीतर प्रश्नात कर्ता दिसला, तर पाठवा. ‘टू’, ‘इन’, ‘ऑन’ किंवा एखादं गावाचं नाव दिसलं, तर आधी वाक्य दुरुस्त करा.